समेवर न येणारं नृत्य

फोक्सवॅगनच्या मिनीबसमध्ये नऊ माणसं बसतात. सहा नर्तक, दोन वादक आणि रंगमंचामागचं सगळं सांभाळणारा एक जण. मर्स कनिंगहॅमच्या नृत्यमंडळीत किती माणसं असावीत, हे काही वर्षं याच हिशेबाने ठरत होतं. कपड्यांच्या पेट्या, गुंडाळलेले पडदे, ध्वनियंत्रणेच्या तारा आणि वाटेतल्या जेवणाचं सामान त्याच गाडीत जायचं. ही गाडी आली ती मंडळीचा संगीत दिग्दर्शक जॉन केज याने 1959 साली इटलीच्या दूरचित्रवाणीवर प्रश्नमंजूषेत जिंकलेल्या पैशांतून. केजने उत्तरं देण्यासाठी निवडलेला विषय होता अळिंबी. तो संगीतकार असला तरी अळिंबी ओळखण्यात पुरता जाणकार होता, आणि दौऱ्यावर गाडी थांबली की रानात शिरून खायची अळिंबी गोळा करून आणायचा.

आज कनिंगहॅमचं नाव विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या नृत्यकारांमध्ये घेतलं जातं. त्यामुळे त्याची मंडळी पहिल्यापासून भरभक्कम असणार, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात स्थापनेनंतरची दहा-बारा वर्षं ती एका गाडीत मावणारी, बहुधा तोट्यात चालणारी मंडळी होती, आणि तिचं सर्वांत धाडसी काम याच काळात झालं. हे काम करायची तिची रीत तेव्हाही चमत्कारिक वाटायची, आजही वाटते. नृत्य एकाने रचायचं, संगीत दुसऱ्याने, नेपथ्य आणि कपडे तिसऱ्याने. तिघांनी एकमेकांना जवळजवळ काहीच सांगायचं नाही. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तिन्ही गोष्टी एका रंगमंचावर आणायच्या. ही रीत नेमकी कशी चालायची, हे सावकाश पाहण्यासारखं आहे. एकदा ती नीट कळली की तिच्यातला सगळ्यांत जड भार कोण उचलत होतं, तेही कळतं.

मर्स कनिंगहॅमचा जन्म 16 एप्रिल 1919 चा, वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट्रेलिया या गावातला. सिअ‍ॅटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये शिकत असताना 1938 साली तिथे नृत्याच्या वर्गाला साथ करणारा जॉन केज त्याला भेटला. केज त्याच्यापेक्षा साडेसहा वर्षांनी मोठा. पुढे दोघं आयुष्याचे जोडीदार झाले आणि 1992 साली केज गेला तोवर एकत्र काम करत राहिले. 1939 साली कनिंगहॅम न्यूयॉर्कला मार्था ग्रॅहमच्या मंडळीत दाखल झाला. ग्रॅहम म्हणजे त्या काळच्या अमेरिकन आधुनिक नृत्यातलं सर्वांत वजनदार नाव. तिच्या नृत्यांत कथा असे, मनातला संघर्ष असे, प्रत्येक हालचालीला अर्थ असे. सहा वर्षं तिच्याकडे नाचून कनिंगहॅम 1945 साली बाहेर पडला, तो हा अर्थाचा आग्रह मागे ठेवून. हालचाल ही हालचाल म्हणूनच पाहावी, तिच्या मागे गोष्ट शोधू नये, हे त्याचं म्हणणं त्याच सुमारास पक्कं होत गेलं.

इथे मराठी वाचकाला आपल्या घरचं एक उदाहरण सोयीचं पडेल. लावणीच्या बैठकीत नर्तिकेचं पाऊल आणि ढोलकीची थाप समेवर एकत्र येतात आणि त्या क्षणी सगळी बैठक दाद देते. मध्ये दोघांनी कितीही वळणं घेतली तरी भेटायची जागा ठरलेली असते. एप्रिल 1944 मध्ये कनिंगहॅम आणि केज यांनी न्यूयॉर्कमध्ये पहिला स्वतंत्र कार्यक्रम केला, तेव्हा त्यांचीही अशी भेटायची जागा होती. काळाचा एक आराखडा ते आधी ठरवत, म्हणजे एवढ्या एककांचा पहिला भाग, एवढ्यांचा दुसरा. प्रत्येक भागाच्या शेवटी नृत्य आणि संगीत एकमेकांना गाठत आणि मधल्या अंतरात दोघं आपापल्या वाटेने जात. पुढच्या काही वर्षांत या भेटीच्या जागाही त्यांनी एकेक करून सोडून दिल्या. शेवटी फक्त एकूण वेळ सामायिक उरला. अमुक मिनिटांनी नृत्य संपेल, तितक्याच मिनिटांनी संगीत संपेल, बाकी काही ठरलेलं नाही.

दोघांच्या या विचारात भारताचाही हात आहे. 1946 साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. पखवाज शिकलेली ही तरुणी पाश्चात्त्य संगीत समजून घ्यायला आली होती. केजने तिला ते शिकवावं आणि तिने केजला भारतीय संगीत शिकवावं, अशी अदलाबदल ठरली. संगीत कशासाठी असतं, या केजच्या प्रश्नावर आपल्या गुरूंकडून ऐकलेलं उत्तर गीताबेननी दिलं. मन शांत, निवळ व्हावं आणि दैवी प्रभावांना मोकळं व्हावं, यासाठी संगीत असतं. ही गोष्ट केज पुढे आयुष्यभर सांगत राहिला. त्याच दिवसांत आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून त्याला रसविचार भेटला होता. 1951 साली कनिंगहॅमने ‘सिक्स्टीन डान्सेस’ नावाची रचना केली, ती थेट नवरसांवर. शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स, अद्भुत आणि शांत अशा भावांची वेगवेगळी नृत्यं त्याने बसवली. बसवताना त्याला प्रश्न पडला, की एका भावानंतर अमुकच भाव यावा असं का? रागानंतर करुणा येईल, नाहीतर हसू येईल, दोन्हींना सारखंच कारण आहे. त्याने नाणं उडवून क्रम ठरवला. योगायोगाला रचनेत घेण्याची त्याची सुरुवात इथून झाली. ज्या आधुनिक नृत्याला पुढे भावहीन म्हटलं गेलं, त्याची पहिली पायरी भरतमुनींच्या रसांवरून गेली, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही म्हणून मी इथे आवर्जून लिहिते आहे.

त्याच काळात क्रिश्चन वुल्फ हा केजचा अगदी कोवळ्या वयाचा विद्यार्थी ‘ई चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाची प्रत घेऊन आला. त्याचे वडील प्रकाशक होते आणि ग्रंथाचं नवं इंग्रजी भाषांतर त्यांनीच छापलं होतं. या ग्रंथात 64 आकृत्या आहेत. तीन नाणी सहा वेळा टाकली की एक आकृती मिळते. लोक तिच्यावरून सल्ला घेत. केजने तिच्यावरून स्वर ठरवायला घेतले आणि कनिंगहॅमने हालचाली.

1953 साली रचलेल्या ‘स्वीट बाय चान्स’साठी त्याने मोठमोठे तक्ते तयार केले. एका तक्त्यात शरीराच्या हालचालींना आकडे दिलेले, दुसऱ्यात वेळेचे लहानमोठे तुकडे, तिसऱ्यात रंगमंचावरच्या दिशा. मग नाणी टाकायची. पहिल्या तक्त्यातून कुठली हालचाल, दुसऱ्यातून किती सेकंद, तिसऱ्यातून कुठल्या दिशेला, हे एकेक करून कागदावर उतरवायचं. एका मिनिटाचं नृत्य लिहायला तासन्‌तास लागत. आणि मग खरं काम सुरू होई, कारण नाण्यांना माणसाच्या सांध्यांची माहिती नसते. कागदावर आलेली हालचाल शरीराला जमते का, एका हालचालीतून दुसरीत जायचं कसं, हे करूनच पाहावं लागे. त्याच वर्षी केलेल्या एका एकल नृत्यात तर हात, पाय, धड आणि डोकं यांच्या हालचाली वेगवेगळ्या काढून एकमेकांवर चढवल्या होत्या. सराव करता करता कनिंगहॅम हताश होऊन बसला, तेव्हा पियानोवर बसलेला डेव्हिड ट्यूडर म्हणाला होता, की हे अशक्य आहे हे उघडच दिसतं आहे, तरी आपण पुढे जाऊन करूच.

कोण काय ठरवत होतं, हे इथेच स्पष्ट करायला हवं, कारण याबद्दल फार गैरसमज आहेत. योगायोगावर आधारलेलं नृत्य म्हणजे रंगमंचावर मनाला येईल ते करणं, असं अनेकांना वाटतं. तसं अजिबात नव्हतं. नाणी टाकली जात ती रचनेच्या वेळी. एकदा रचना ठरली की प्रत्येक पाऊल, प्रत्येक वळण, प्रत्येक थांबा कायमचा पक्का होई. ‘फील्ड डान्सेस’ किंवा ‘स्टोरी’ यांसारखे 1963 मधले मोजके अपवाद सोडले तर नर्तकांना तिथे निवडीला जागा नव्हती. योगायोग येई तो रचनाकाराची आवड बाजूला सारायला. प्रत्येक नृत्यकाराच्या अंगात काही वळणं मुरलेली असतात, तीच ती पुन्हा पुन्हा येतात. आपल्याला सुचलीच नसती अशी हालचाल सापडावी, यासाठी ही सगळी खटपट.

ही रीत किती बारकाईची होती, ते ‘समरस्पेस’वरून दिसतं. हे 1958 साली कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन इथल्या नृत्य महोत्सवात पहिल्यांदा झालं. कनिंगहॅमने रंगमंचावर येण्याच्या सहा जागा धरल्या आणि त्यांना आकडे दिले. मग प्रत्येक जागा दुसऱ्या प्रत्येक जागेशी जोडली आणि जिथून आलो तिथेच परत जाण्याची शक्यताही मोजली. एकूण 21 वाटा झाल्या. प्रत्येक वाटेसाठी हालचालींचा एक संच बांधला, काही अगदी साधे, काही अवघड. नंतर प्रत्येक वाटेला प्रश्न विचारले. कुठून कुठे जायचं? वेग संथ, मध्यम की झपाट्याचा? हवेत, उभ्याने की जमिनीलगत? वाट सरळ, तिरकी की गोल? किती सेकंदांत? एकटं की किती जणांनी? एकत्र की सुटं सुटं? शेवट रंगमंचावर की विंगेत? सगळी उत्तरं नशिबावर सोपवलेली. नाचणारे सहा जण, चार स्त्रिया आणि दोन पुरुष, आणि दोघा पुरुषांतला एक स्वतः कनिंगहॅम. प्रेक्षकाला दिसतं ते असं की कुणीतरी गिरक्या घेत रंगमंच ओलांडून निघून जातं, दुसरं कुणी अर्ध्या वाटेत थबकतं, तिसरं जमिनीलगत सरकतं, आणि या तिघांपैकी मुख्य कोण हे सांगता येत नाही.

मुख्य कोणी नाही, हेच त्याला हवं होतं. पाश्चात्त्य रंगमंचावर मधली जागा मानाची, नायिका तिथे उभी राहते. कनिंगहॅमने तो मान काढून टाकला. अवकाशात ठरलेला बिंदू असा कुठेच नसतो, हे आइन्स्टाइनचं म्हणणं त्याच्या मनात घर करून बसलं होतं. नेपथ्यकार रॉबर्ट राउशेनबर्गला त्याने ‘समरस्पेस’बद्दल कळवलं तेही एवढंच, की याला केंद्र नाही. राउशेनबर्गने पाठीमागचा सबंध पडदा रंगाच्या ठिपक्यांनी भरून टाकला आणि नर्तकांच्या अंगावरच्या घट्ट कपड्यांवरही तेच ठिपके उमटवले. नर्तक थांबला की पडद्यात विरघळतो, हलला की पुन्हा सुटा होतो. केंद्र नसलेल्या नृत्याला याहून चपखल साथ कुठली? आणि तरी राउशेनबर्गने ही साथ नृत्याची पावलं पाहून बेतलेली नव्हती.

संगीत होतं मॉर्टन फेल्डमनचं. त्याने आलेखाच्या कागदावर चौकोन आखून प्रत्येकात किती स्वर वाजवायचे एवढाच आकडा लिहिला. कुठले स्वर, ते वादकाने ठरवायचं. म्हणजे हे संगीत दर प्रयोगाला थोडं वेगळं आणि नाचणारी पावलं दर प्रयोगाला तीच.

राउशेनबर्ग 1954 पासून 1964 पर्यंत मंडळीबरोबर राहिला आणि चित्रकार नृत्याला काय देऊ शकतो, हे त्याच्याइतकं कुणीच दाखवलं नाही, असं माझं मत आहे. पहिल्यांदा ‘मिनुशी’ या नृत्यासाठी त्याने वरून टांगायची एक वस्तू करून आणली. कनिंगहॅमला ती आवडली, पण आपण जिथे नाचतो त्या अनेक जागांत वर नळ्याच नसतात, मग टांगणार कशाला, असं त्याने सांगितलं. राउशेनबर्ग कुरकुरला नाही. काही दिवसांत त्याने आपल्या पायांवर उभं राहणारं, रंगांनी, कापडांनी आणि कागदाच्या चिटोऱ्यांनी भरलेलं दुसरं नेपथ्य आणलं. त्यातून नर्तक आरपार जाऊ शकत. ‘स्टोरी’साठी तर त्याने नेपथ्य बरोबर न्यायचंच नाही असं ठरवलं. जिथे जाऊ तिथल्या नाट्यगृहात आणि आसपास जे सापडेल त्यातून त्या संध्याकाळचं दृश्य उभं करायचं. इंग्लंडमध्ये डार्टिंग्टन इथे तो आणि अॅलेक्स हे नावाचा त्याचा सहकारी रंगमंचाच्या मागच्या बाजूला उभे राहून शर्टांना इस्त्री करत राहिले आणि पुढे नृत्य चालू होतं. दिव्यांची जबाबदारीही त्याचीच. प्रयोगाआधी शिडीवर चढून दिवे लावणारा हा माणूस त्याच सुमारास अमेरिकेतला आघाडीचा चित्रकार ठरत होता.

आता नर्तकांकडे वळू. कनिंगहॅमच्या तालमीत संगीत नसे. एक स्टॉपवॉच, त्याचे शब्द आणि जमिनीवर पायांचा आवाज. प्रत्येक तुकड्याचा वेळ सेकंदांत ठरलेला. तालीम संपली की तो घड्याळ पाहून सांगे, आज इतके सेकंद जास्त झाले. महिनाभर असं केलं की लय बाहेरून घ्यावी लागत नाही, ती अंगातच बसते. वीस-पंचवीस मिनिटांचं नृत्य काही सेकंदांच्या फरकाने तेवढ्याच वेळात संपवणं या मंडळींना जमू लागलं. एकत्र उडी घ्यायची असेल तर इशारा संगीताचा नसे. शेजारणीचा श्वास, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसणारं तिचं खांद्याचं वळण, तेवढ्यावर सहा जण एका क्षणी जमीन सोडत. मग पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी केज किंवा ट्यूडर आपली यंत्रं लावत आणि नर्तक ते संगीत बहुतेक वेळा त्याच वेळी पहिल्यांदा ऐकत. कधी कानठळ्या बसवणारी घरघर, कधी लांबलचक शांतता. पायाखालची लय अजिबात ढळू द्यायची नाही.

यासाठी लागणारं शरीर कनिंगहॅम रोजच्या वर्गात घडवी. पाय बॅलेसारखे चपळ आणि काटेकोर, धड मात्र आधुनिक नृत्यासारखं मोकळं. पाठीच्या कण्याच्या पाच अवस्था तो शिकवायचा. ताठ, पुढे गोलावलेला, मागे कमानदार, पिळलेला आणि बाजूला झुकलेला. पायांनी एक करायचं आणि पाठीने दुसरंच. पाय झपाट्याने दिशा बदलत असताना पाठ संथपणे वळत राहायची. हे शिकायला वर्षं लागतात आणि बघणाऱ्याला त्यातले कष्ट दिसत नाहीत.

1953 च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये ही मंडळी आकाराला आली. कॉलेज लहान आणि कायम पैशांच्या विवंचनेत असलेलं. चारच वर्षांनी ते बंद पडलं. पहिल्या नर्तकांत कॅरोलिन ब्राउन होती. आई नृत्यशिक्षिका, स्वतः तत्त्वज्ञान शिकलेली, 1951 साली डेन्व्हरमध्ये कनिंगहॅमचा वर्ग केला आणि पुढे वीस वर्षं त्याच्याबरोबर नाचली. तिची रेषा इतकी स्वच्छ की अवघड रचनाही तिच्या अंगावर सोपी वाटे. व्हायोला फार्बर जर्मनीत जन्मलेली, पियानो वाजवणारी. तिचा तोल नेहमी पडण्याच्या बेताला आलेला दिसे आणि पडत कधीच नसे. या दोघी एका रंगमंचावर असल्या की नृत्याला दोन टोकं मिळत. रेमी चार्लिप नाचायचा, सुरुवातीचे कपडे शिवायचा, जाहिरातीची पत्रकंही तयार करायचा. पुढे त्याने मुलांसाठी सुंदर चित्रपुस्तकं केली. पॉल टेलरही या पहिल्या मंडळीत होता, पण लवकरच बाहेर पडून त्याने आपली मंडळी काढली. डिसेंबर 1953 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या थिएटर द लिसमध्ये त्यांनी आठवडाभर प्रयोग केले. मोठ्या दैनिकांनी त्यांची दखल घेतली नाही.

पैशाची बाजू थोडक्यात सांगते. सुरुवातीच्या वर्षांत तालमीचे पैसे मिळत नसत, प्रयोगाची बिदागी तेवढी. प्रयोगही वर्षाकाठी मोजकेच, बहुतेक कॉलेजांमध्ये. नर्तक इतर नोकऱ्या करून पोट भरत. आधार आला तो चित्रकारांकडून. 1963 साली जॅस्पर जॉन्स आणि केज यांनी प्रयोगशील कलांना मदत करण्यासाठी एक निधी उभा केला. अनेक चित्रकारांनी आपली चित्रं दिली, ती विकली गेली, त्यातून नर्तक आणि संगीतकारांना पैसे मिळू लागले. चित्राला बाजार असतो, नृत्य मात्र प्रयोग संपला की विकायला उरत नाही. हे ओळखून चित्रकारांनी उचललेला हा वाटा मला फार मोलाचा वाटतो.

जून 1964 मध्ये मंडळी जगाच्या दौऱ्यावर निघाली. सहा महिने, युरोपपासून जपानपर्यंत. निघताना डोक्यावर कर्ज आणि हातात अपुरे पैसे. व्हिएन्नाच्या संग्रहालयात रंगमंचच नव्हता, तेव्हा कनिंगहॅमने जुन्या नृत्यांचे तुकडे एकापुढे एक जोडून सलग कार्यक्रम केला. या प्रकाराला त्याने ‘इव्हेंट’ म्हटलं आणि पुढच्या काळात असे कित्येक शे कार्यक्रम व्यायामशाळांत, चौकांत, संग्रहालयांत झाले. लंडनमध्ये मंडळी एका आठवड्यासाठी गेली होती. तिथे प्रेक्षकांनी इतकं उचलून धरलं, की मुक्काम वाढवून दुसरं नाट्यगृह घ्यावं लागलं. स्वतःच्या देशात जे दहा वर्षांत मिळालं नव्हतं, ते तिथे काही आठवड्यांत मिळालं.

त्याच दौऱ्यात ही मंडळी भारतात आली आणि मुंबई, अहमदाबाद, चंदीगड, दिल्ली इथे नाचली. अहमदाबादला साराभाई कुटुंब यजमान होतं. अठरा वर्षांपूर्वी केजशी शिकण्या-शिकवण्याची अदलाबदल करणाऱ्या गीताबेनच्या शहरात आता सबंध मंडळी उतरली. मुंबईच्या प्रेक्षकाला तोवर परदेशी नृत्य म्हणजे बॅले एवढंच ठाऊक असण्याची शक्यता जास्त. त्याच्यापुढे एकदम असं नृत्य आलं, ज्यात कथा नाही, नायक नाही, आणि पाऊल व संगीत यांची समही नाही.

दौरा संपला तेव्हा मंडळी फुटली. व्हेनिसमध्ये राउशेनबर्गला बिएनाले या कलाप्रदर्शनाचं मोठं पारितोषिक मिळालं होतं आणि वृत्तपत्रांत त्याचंच नाव गाजत होतं. कनिंगहॅमची मंडळी म्हणजे आपला सर्वांत मोठा कॅनव्हास, अशा अर्थाचं तो बोलून गेला आणि ते कनिंगहॅम व केज यांना लागलं. राउशेनबर्ग गेला, नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन गेला, पुढच्या वर्षी व्हायोला फार्बरही गेली. प्रत्येकाने आपापलं काम स्वतंत्र करावं, ही या मंडळीची रीत. ती रचनेत जितकी नीट चालली तितकी सहा महिन्यांच्या एकत्र राहण्यात चालली नाही, यात नवल नाही.

मंडळी मात्र उभी राहिली. जॅस्पर जॉन्सने कलेची जबाबदारी घेतली. 1968 मध्ये ‘रेनफॉरेस्ट’साठी अँडी वॉरहॉलच्या हेलियम भरलेल्या चंदेरी उशा रंगमंचावर सोडल्या. कपड्यांना जॉन्सने पात्याने चिरा पाडल्या. उशा हवेच्या झुळकीने वाटेल तिकडे तरंगायच्या, नर्तकाच्या वाटेत यायच्या, कधी लाथेने उडायच्या. वॉरहॉलच्या उशांची छायाचित्रं जगभर छापली गेली. त्यांना चुकवत, एकही मोजणी न चुकवता नाचणाऱ्यांची नावं त्या छायाचित्रांखाली शोधावी लागतात. मला या सगळ्या प्रयोगात खटकतं ते हेच. संगीतकार मोकळा, चित्रकार मोकळा, पण त्या दोघांच्या स्वातंत्र्यातून जे काही समोर येईल ते नर्तकाने निमूटपणे पेलायचं. अंधारात नाचायचं असो, कानाशी घरघर असो किंवा वाटेत उशी असो. कॅरोलिन ब्राउनने 2007 साली या वर्षांवर एक मोठं पुस्तक लिहिलं, त्यामुळे नर्तकांची बाजू निदान एका कडेने तरी नोंदली गेली.

कनिंगहॅम म्हातारा होत गेला, सांधे आखडत गेले, रीत मात्र चालूच राहिली. 1989 पासून तो संगणकावर मानवी आकृत्या हलवून नृत्य रचू लागला. 2003 साली ब्रुकलिनमध्ये ‘स्प्लिट साइड्स’ झालं. दोन नृत्यं, दोन नेपथ्यं, दोन तऱ्हेचे कपडे, दोन प्रकाशयोजना आणि रेडिओहेड व सिगुर रोस या दोन बँडचं संगीत. पडदा उघडण्याआधी प्रेक्षकांसमोर फासे टाकून प्रत्येकातलं आधी कुठलं हे ठरवायचं. दर प्रयोगाला 32 पैकी एक जुळणी. त्या संध्याकाळी कपडे कुठले आणि सुरुवात कुठल्या नृत्याने, हे नर्तकांनाही फासे पडेपर्यंत ठाऊक नसे.

26 जुलै 2009 रोजी नव्वदाव्या वर्षी तो गेला. आपल्या मागे मंडळीने दोन वर्षं दौरा करावा आणि मग बंद व्हावं, असं त्याने जिवंतपणीच ठरवलं होतं. तसंच झालं. 31 डिसेंबर 2011 रोजी न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यू आर्मरीत, एकाच वेळी तीन मंचांवर नाचून मंडळी विसर्जित झाली. तिकीट दहा डॉलर. प्रेक्षक त्या तीन मंचांच्या मधून फिरत पाहत होते. प्रत्येक महत्त्वाच्या नृत्याच्या नोंदी, चित्रफिती, दिव्यांचे आराखडे आणि कपड्यांची रेखाटनं एकत्र बांधून ठेवली आहेत, आणि ती घेऊन इतर मंडळी आजही ही नृत्यं बसवतात.

मर्स कनिंगहॅमवर दिग्दर्शिका आला कोव्हगान हिने 2019 साली केलेला चित्रपट किंवा त्याच्या नृत्यांच्या जुन्या चित्रफिती पाहायला मिळाल्या तर अवश्य पाहा. पाहताना पावलाला ताल कुठे मिळतो, ते शोधू नका, तो मिळणार नाही. सहा जणांतला एकच नर्तक किंवा नर्तिका निवडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्याकडेच पाहत राहा. आणि श्रेयनामावलीत तिचं नाव काय आहे, तेही वाचा.